वेंडेलने न धुतलेली नळी

मी एक जुनी रशियन रायफल आहे. मित्रांनो, आता लढाया आणि पराक्रम ऐकायला मिळतील, असं वाटत असेल तर तसलं माझ्याकडे काही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कारखान्यातल्या बायकांनी मला घाईघाईने घडवलं. अंगावरचे कानशीचे ओरखडेही कोणी घासून काढले नाहीत. मी आघाडीवर पोचायच्या आतच युद्ध संपलं. मग मला चिकट ग्रीस फासून लाकडी पेटीत निजवलं आणि त्या पेटीतच मी म्हातारी झाले.

पेटी उघडली ती थेट अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरांत. वेंडेल नावाच्या निवृत्त खाणकामगाराने मला पाहिलं, "काय ध्यान आहे!" म्हणाला आणि लगेच विकत घेतलं. ग्रीस वितळावं म्हणून मला कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गुंडाळून त्याने भर उन्हात गाडीत ठेवलं. त्याची बायको लोइस नाक दाबून ओरडली, "उद्या ह्या वासात बसून चर्चला जायचं का मी?" वेंडेल पोट धरून हसला. एवढं मोकळं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

दर शनिवारी वेंडेल आणि त्याचा शेजारी हर्शेल नेमबाजीच्या मैदानावर जात. हर्शेलची स्वीडिश रायफल देखणी होती, आणि तो मला कुंपणाचा खांब म्हणायचा. माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा दांडा, अडकला की वेंडेल लाकडी हातोडीने ठोकायचा.

"ऐकत नाही वाटतं तुझी बाई?" हर्शेल विचारायचा.

"घरात कोण ऐकतंय माझं, म्हणून ही ऐकेल!"

आम्हाला लागणाऱ्या जुन्या काडतुसांच्या धुरात क्षार असतात. त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओतलं नाही, तर पोलाद गंजतं. "आधी हिची अंघोळ, मग माझी कॉफी," असं वेंडेल म्हणायचा. लोइस वारल्यावर तो तिचीच किटली त्यासाठी वापरू लागला. ती गेली त्या आठवड्यातही माझी अंघोळ चुकली नव्हती.

मग पानगळीतल्या एका शनिवारी त्याने किटली गॅसवर ठेवली, मला टेबलावर आडवं केलं आणि अंगणात जाऊन बसला. पाणी आटलं, किटली काळी पडली. जळका वास आल्यावर तो आत आला, गॅस बंद केला, मला वरवर पुसून कपाटात ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारीही तसंच झालं. गंज नळीला आतून खात चालला होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

नेम धरण्याआधी एकमेकांच्या नळीतून आकाश बघायची ह्या दोघांची सवय. पुढच्या खेपेला हर्शेलने माझा बोल्ट काढून नळीला डोळा लावला आणि बराच वेळ हटवलाच नाही.

"वेंडेल, धुतली होतीस ना रे?"

"मग! मी काय तुझ्यासारखा आळशी आहे?"

नळीत तांबडा गंज चढला होता. हर्शेलने बोल्ट परत बसवला आणि मला वेंडेलच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर वेंडेलच्या मुलीने, मार्लीनने, हर्शेलला बाजूला घेतलं. "हर्शेलकाका, खरं सांगा. बाबा ठीक आहेत ना? मी फोन केलेलाही त्यांना आठवत नाही."

हर्शेलने टोपी बोटांत फिरवली. सांगितलं तर ती वडिलांना शहरात नेणार, रायफली विकणार, आणि मग शनिवारी आपण जायचं कोणाबरोबर? हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुझा बाप आपल्या सगळ्यांना पुरून उरेल, पोरी."

जानेवारीतल्या एका मंगळवारी, भर बर्फात, वेंडेल मला घेऊन एकटाच मैदानावर गेला. त्याच्या लेखी तो शनिवार होता. बाकावर बसून त्याने दोन पेल्यांत कॉफी ओतली आणि हर्शेलची वाट बघू लागला. "येईल गं, येईल. आळशीच आहे मेला," तो मला म्हणाला. संध्याकाळी हर्शेल शोधत आला, तेव्हा वेंडेलच्या मांडीवर मी होते आणि तो थंडगार पडला होता. शेजारी लोइसची काळी किटली होती, पाण्याने काठोकाठ भरून आणलेली. त्या पाण्याचाही बर्फ झाला होता.

मार्लीनने मला हर्शेलला देऊन टाकलं. तो माझ्यातून गोळी झाडत नाही. पण दर शनिवारी त्याच किटलीत पाणी उकळून माझ्या नळीत ओततो, आकाशाकडे धरून डोळा लावतो आणि म्हणतो, "बघितलं होतं मी. सगळं बघितलं होतं."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही, माझं आता काही व्हायचं राहिलेलं नाही. पण तुमच्या घरातलं एखादं माणूस रोजचं काम विसरू लागलं, तर निदान त्याच्या लेकरांपासून ते लपवू नका. हर्शेल आजही पाणी ओततो आहे. गंज तसाच आहे.