मंजुळाबाईंचे बेचाळीस फॉर्म

वॉशिंग मशीननं टुंग-टुंग करत कपडे धुऊन झाल्याची वर्दी दिली आणि दुपारची शांतता मोडली. कल्पितानं श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. स्वरदानं कूस बदलली, पण जागी झाली नाही. देव पावला! कपडे राहू देत तसेच. लेक झोपलीय तेवढा पाऊण तास आपला, असं म्हणत ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

अंधेरीतल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवायची आणि उरल्यासुरल्या वेळात पीएच.डी. करायची. विषय भारदस्त होता : ‘छोट्या विक्रेत्यांची स्पर्धाक्षमता आणि ग्राहकनिष्ठा’. साध्या भाषेत सांगायचं तर, घरपोच मासे देणारी ॲपं आली तरी गिऱ्हाईक कोळणीकडेच का येतं? हे आकड्यांत मांडायचं होतं. फॉर्मवर वीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच. एक म्हणजे मुळीच पटत नाही, पाच म्हणजे शंभर टक्के पटतं. असे निदान दोनशे फॉर्म सोमवारी गाइडच्या, म्हणजे प्रबुद्ध सरांच्या हाती पडायला हवे होते. बाळंतपण, मग पोरीची शाळा, असं करत दोनदा मुदत वाढवून झाली होती. आता वाढणार नव्हती.

जमले होते दोनशे तीस. त्यातले बेचाळीस सासूबाईंनी आणून दिलेले. मंजुळाबाई तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळीची पाटी मांडून बसत होत्या. गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

ते बेचाळीस शीटमध्ये भरता भरता कल्पिताचा हात थबकला. प्रत्येक टिकमार्कला लांब, वर वळलेलं शेपूट होतं. अशी टिक स्वरदाच्या वर्गशिक्षिका वहीत करायच्या. आणि त्यांची हुबेहूब नक्कल घरात एकच व्यक्ती करायची, जी आत्ता पलंगावर तोंड उघडं टाकून झोपली होती.

संध्याकाळी मंजुळाबाई बाजारातून आल्या, मोरीत पायांवर पाणी घेऊ लागल्या, तेव्हा तिनं फॉर्म पुढे धरले.

“आई, हे कुणी भरले?”

“कुनी म्हंजे? गिऱ्हाइकांनी.”

“आजी सांगायची, मी टिक करायची!” स्वरदानं बिंग फोडलं. “मी मागे नावं पण लिहिली, मम्मा. पेन्सिलनं.”

सुरमईनं गळाकडे पाहावं, तसं मंजुळाबाईंनी नातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “गो, धंद्याच्या येलंला एकेकीला थांबवून वीस-वीस सवाल इचारले असते, तर माझ्या बोंबलांचं सुकट झालं असतं!”

“पण उत्तरं त्यांची हवीत ना.”

“त्यांचीच हायेत. मना ठावं नाय काय, कोन काय बोलंल?”

कल्पिताला हसू आवरेना. तिनं फॉर्म चाळले. वाटलं होतं, सासूबाईंनी स्वतःला सगळीकडे पाच देऊन टाकले असतील. तसं नव्हतं. कुठे तीन, कुठे चार. ‘इथले मासे नेहमी ताजे असतात’ याच्यापुढे एकीचे चक्क दोन.

“ही तुम्हाला दोनच देते?”

मंजुळाबाईंचा आवाज खाली आला. “संघमित्रा ती. तिला मी एकदा शिलं पापलेट दिलं. बारा वर्सं झाली. ती कदी बोलली नाय. पन दोनच देनार ती, आनि बरोबर हाय तिचं.”

कल्पिता हळूच म्हणाली, “आई, हे मला नाही वापरता येणार. बारा फॉर्म कमी पडतात आता. उद्याच्या उद्या बाराजणींना स्वतः विचारायला हवं.”

“बारा काय, बेचालीस इचार!” मंजुळाबाईंनी पदर खोचला. “माझ्या लिवल्यापरीस वायलं बोलल्या तर माझं नाव मंजुला नाय.”

झालं, घरात पैज लागली. रविवारी सकाळी मायलेकी निघाल्या. कल्पिताकडे कोरे फॉर्म आणि आजीनं सांगितलेले पत्ते, स्वरदाकडे आजीचे भरलेले फॉर्म आणि एक वही. नियम स्वरदाचे : उत्तरं जुळली तर आजीला पॉइंट, नाही जुळली तर मम्माला. मात्र जुने फॉर्म बाहेर पडल्यावरच काढायचे, आधी नाही.

दुपारपर्यंत अकराजणी झाल्या. आजी नऊ, मम्मा दोन. एका घरी काकू म्हणाल्या, “भावात दोन रुपये सोडत नाही ती, वर माझ्या कालवणाला नावं ठेवते. तीन घाल तिला!” मंजुळाबाईंनी तिथे पाच धरले होते. दुसरी संघमित्रा. “शिळं पापलेट? मंजुळानं? काहीतरीच काय, पाच लिही.” हे घरी जाऊन कधी एकदा सांगते, असं कल्पिताला झालं होतं.

बारावं नाव पाठीमागे लिहिलं होतं : ‘रत्नप्रभा पारलेवाली’. विलेपार्ल्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशीच, वॉचमनच्या खोलीतून तळल्या कोळंबीचा वास आला आणि स्वरदानं मोठ्ठा श्वास घेतला.

रत्नप्रभाबाई पंचाहत्तरीच्या. मंजुळाची सून म्हटल्यावर त्यांनी दोघींना घाईघाईनं आत ओढलं, स्वरदाच्या हातावर वडी ठेवली. उत्तरंही धडाधड दिली : पाच, पाच, पाच.

“‘इथल्या माशांची चव इतरांपेक्षा चांगली असते.’”

“पाच. खालच्या वॉचमनच्या बायकोला आत्ताच विचारलं मी, झकास म्हणाली.”

“तिला कशाला?”

रत्नप्रभाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “हे गेल्यापासून मी मासे सोडले गं. मुलगा-सून पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. पण रविवारी सकाळी मी रिक्षा करून जाते, अर्धा किलो कोळंबी घेते, नि येताना वॉचमनला देते. सहा वर्षं झाली.”

“मग जाता कशाला, काकू?”

“तिथे गेलं की मंजुळा विचारते, ‘बाय, गुडघा कसा हाय?’ घरात कुणाला वेळ आहे विचारायला? सगळी गुणाची आहेत, पण पळत असतात बिचारी.” मग एकदम तिचा हात धरून म्हणाल्या, “तिला सांगू नकोस हं. माझ्यासाठी निवडून काढते ती.”

कल्पितानं फॉर्मकडे पाहिलं. ‘मी इथून नियमित मासे घेते’ – पाच. ‘दुसरीकडे स्वस्त मिळाले तरी इथेच येईन’ – पाच. एकही खोटा नव्हता. फक्त चवीच्या विधानापुढे पेन अडलं. तिनं तो चौकोन कोरा सोडला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘उत्तर दुसरीचं’. मग स्वतःशीच हसली. एकीची उत्तरं दुसरीनं दिलेली चालत नाहीत, म्हणूनच तर ती सकाळपासून फिरत होती. सर एकाच कोऱ्या चौकोनासाठी फॉर्म बाद करणार नाहीत, दोनशे भरले.

जिन्यात स्वरदानं घाईघाईनं आजीचा फॉर्म काढला आणि पायरीवर बसून एकेक आकडा जुळवला.

“सगळीकडे पाच! आजीनं पण सगळीकडे पाचच लिहिलेत!” तिनं वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि थांबली. खालून कोळंबीचा वास अजून येत होता.

“मम्मा, पण ह्या आजी तर खातच नाहीत. मग आपली आजी जिंकली की हरली?”