जर्दाळू उघडून बघायचा

माझी मुलगी आजारी पडली तेव्हा मी तिच्या घरी राहायला गेलो. औषधांनी तिच्या अंगातली ताकद इतकी उतरली होती की दुसऱ्याची साधी सर्दीही तिला झेपली नसती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताजं द्या, स्वच्छ द्या, कुणाचं उष्टं तिच्या तोंडी जाऊ देऊ नका. पण द्यायचं काय? कांदा परतल्याचा वास आला तरी ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

त्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, "जर्दाळू-बेदाणे घालून भात केला तर खाईन मी थोडा."

माझी नात धावतच स्वयंपाकघरात आली. तिला सगळे खारू म्हणतात. घरातले बदाम कुठेही लपवा, तिला सापडतातच. "आजोबा, मी करणार. तुम्ही नुसतं सांगा. हात लावायचा नाही."

शाळेत मी सुतारकाम शिकवत असे. पोराच्या हातातला रंधा आपण काढून घ्यायचा नाही, हे तिथे अंगवळणी पडलं होतं. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

"आधी जर्दाळू. एकेक उघडून बघायचा."

"वरून तर छान दिसतायत."

"वरूनच."

पहिले दोन चांगले निघाले. तिसरा तिने अंगठ्यांनी फाकवला तर आत गराऐवजी काळपट भुसा, त्यावर बारीक जाळं, आणि जाळ्यात एक लठ्ठ पांढरी अळी डोकं वर काढून इकडेतिकडे बघत होती. खारूने हात झटकला. अर्धा जर्दाळू ताटात पडला आणि अर्धा बोटाला चिकटून राहिला.

"शी. आजोबा, हलतेय ती. काढा ना."

"तूच काढ. हात लावायचा नाही म्हणालीस."

तिने बोट ताटाच्या काठावर निपटलं, साबणाने घासलं, वास घेतला, परत घासलं. मग तिचा चेहरा आणखी पडला. "काल मी दोन खाल्ले. न बघता."

"मग एखादी गेली असेल पोटात. तुझं पोट सांभाळून घेतं. आईचं सध्या कुणालाच सांभाळून घेत नाही." मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलो. "किळस आली ना, ते चांगलं झालं. किळस म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याने हटकलं की थांबायचं, बघायचं, आणि नको ते टाकायचं. कोण काय म्हणेल याचा विचार करायचा नाही."

तिने मान हलवली. पुढचं काम तिने असं केलं की मलाच हसू आलं. बेदाणे धुतले तेव्हा पाणी गढूळ झालं. तळाशी देठं, वाळू आणि एक लांब केस. तो केस तिने चिमटीत धरून खिडकीपाशी उजेडात नेला, कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न केला आणि "आपला नाही" असा निकाल दिला. अक्रोडाचा तुकडा चावून बघितला, खवट लागला, मोरीत थुंकली आणि जीभ फडक्याने पुसली. पाणी पुन्हा पुन्हा बदललं. बेदाणे स्वच्छ झाले तेव्हाच थांबली.

मग तूप तापलं. बदाम बदामीच राहतील एवढे तळून बाजूला ठेवले, बेदाणे टम्म फुगवले, दालचिनी-वेलदोडा टाकून भिजवलेले तांदूळ हलक्या हाताने परतले. पाणी आटत आल्यावर जर्दाळूच्या फोडी पसरल्या, झाकण ठेवलं. घरभर गोडसर वास सुटला. आतून माझ्या मुलीचा आवाज आला, "झाला का गं?" हा प्रश्न त्या खोलीतून कितीतरी दिवसांनी आला होता. तो वास तिला सोसवत होता, आणि सोसवतोय तोवर भात तिच्यापर्यंत पोचायला हवा होता.

पण तो आधी मोठ्या काकांपर्यंत पोचला.

मोठे काका म्हणजे माझ्या जावयाचे थोरले भाऊ. चहाच्या गोदामात चहा चाखायची नोकरी त्यांनी जन्मभर केली. निवृत्त झाल्यावर ती नोकरी त्यांनी घरात चालू ठेवली. कुठलंही पातेलं त्यांच्या जिभेखालून गेल्याशिवाय ताटापर्यंत येत नसे. घरात कुणी काही म्हणत नसे. वडीलधारे, त्यात जाणकार.

"बघू बघू, काय केलंय आमच्या खारीने." ते आले, रुमालात जोरात नाक शिंकरलं, रुमाल खिशात घातला आणि त्याच हाताने तळलेले बदाम उचलून तोंडात टाकले. एक, दोन, मग मूठभर. झाकण काढलं. डाव भातात खुपसला, तोंडाशी नेला, फुर्रकन ओढला. मिशांना तूप लागलं, चार शितं लोंबकळली. मग डावाला उलटसुलट जीभ लावून तो लख्ख केला आणि परत भातात खुपसून सगळा भात खालीवर केला. एक फोड दातांत धरली, अर्धी चावली, "आंबट आहे," म्हणाले, आणि दातांच्या खुणा असलेली उरलेली फोड ओलीचिंब परत पातेल्यात टाकली.

माझ्या घशाशी आलं. अळीने आलं नव्हतं.

"मीठ कमी. बाकी पास," काका म्हणाले.

खारू पातेल्याकडे बघत होती. त्या फोडीवर लाळेची तार चकाकत होती. "आजोबा, हे टाकायचं ना?"

तिचे बाबा दारात आले होते. "अगं, असं बोलू नये. मोठे आहेत ते. एक वाफ काढ, झालं."

"अळी उकळली असती तर तुम्ही खाल्ली असतीत, बाबा?"

काकांचं तोंड उतरलं. "म्हणजे मी अळी? मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?"

परक्याच्या घरी, त्यातून मुलीच्या सासरी, मी कधी आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही. "हो, मीच शिकवलं. दादा, गोदामात तुम्ही चहा चाखून थुंकत होता. तो कप पुढे कुणा गिऱ्हाइकाला देत होता का?"

"छे, तो ओतून टाकायचे."

"मग घरच्यांनीच काय घोडं मारलंय?"

काकांनी रुमाल काढून मिशांवरची शितं पुसली.

खारूने फडक्याने पातेलं धरलं, जेवणाच्या टेबलावर नेऊन काकांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि डावही त्यातच राहू दिला. "हे तुमचं, काका. सगळं." उद्धटपणा नव्हता त्यात. ताट वाढावं तसं म्हणाली.

परत आली तोवर तिचे डोळे भरले होते. "आईची भूक जाईल आता."

"छोटं पातेलं घे," मी म्हटलं.

बदाम संपले होते. तांदूळ भिजवायला वेळ नव्हता. उरलेले जर्दाळू तिने उघडले, त्यातले दोनच धड निघाले. मूठभर तांदूळ, थोडे बेदाणे, अक्रोडाचे चांगले तुकडे. भात किंचित फडफडीत झाला. मीठ काकांनी सांगितलं तसं थोडं जास्त घातलं; ते खरंच कमी होतं. पूर्ण वेळ ती ओट्याला पाठ लावून, दाराकडे तोंड करून उभी राहिली.

आम्ही वाटी घेऊन आत गेलो. माझी मुलगी उशीला टेकून बसली होती. तिने चमचा भरला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"भाऊजींनी चाखला का?" तिने अगदी हळू विचारलं.

म्हणजे लग्न होऊन आल्यापासून ती हे गिळत होती.

"नाही," खारू म्हणाली. "कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

चमचा तोंडात गेला. मग दुसरा. बाहेरून काका फोडी चोखत असल्याचा मचमच आवाज येत होता, मधूनच डाव चाटल्याचा. खारूने पायाने दार लोटून घेतलं आणि आईच्या वाटीवर नजर ठेवून बसली.