प्रतापरावांच्या खालच्या नऊ सह्या

२०२२ सालची गोष्ट. जुनी इंदूरमधल्या आमच्या गल्लीतली अकरा घरं पाडून एक नवी इमारत बांधायची ठरली होती. गल्लीच्या मागे सरस्वती नदी. लहानपणी मी आईबरोबर तिच्या काठच्या दगडांवर गोधड्या धुतल्या आहेत. पुढे अकराही घरांनी संडासाचे पाइप तिच्यात सोडले आणि लोक तिला नाला म्हणू लागले. त्यात आमचंही घर होतं. ती लाज मला अजून वाटते.

शेजारची तन्वी इंदूरजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकवते. तिने नकाशा काढला: इमारत काठापासून पन्नास फूट मागे, सांडपाणी आवारातच साफ करून झाडांना, आणि पाऊस मुरायला काठाची माती मोकळी. गल्लीने तिला तसा शब्द दिला. बिल्डर बंटी, ज्याला सगळे भिया, म्हणजे भैया म्हणत, त्यानेही सगळ्यांसमोर मान डोलावली. "तन्वीजी, तुम्ही बोललात ना, बिलकुल तसंच."

महिन्याभराने करार आला. आमच्या गल्लीची एक रीत आहे. प्रतापरावांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, म्हणून पहिली सही त्यांची. त्यांनी केली की बाकीचे खाली करतात. वाचायचं नाही. वाचून सही करणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास. प्रतापरावांच्या अंगणात, बंटीने आणलेले पोहे-जिलबी खात, दहा जणांनी अशा सह्या केल्या. अकरावी माझी होती. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कागद वाचल्याशिवाय मला राहवत नाही.

एकोणिसाव्या पानावर होतं: नाल्यावर स्लॅब, त्यावर चाळीस गाड्यांचं पार्किंग. मी ते मोठ्याने वाचलं. तन्वी जागेवरून उठली.

"अहो मावशी, ते टेक्निकल आहे," बंटी हसला. "वास नाही, मच्छर नाही. टेन्शन कशाला घेता?"

"आणि पाइप? ते स्लॅबखाली तसेच नदीत?"

"दिसणार थोडेच आहेत!"

"प्रतापराव, हे वाचलं होतंत तुम्ही?"

"सरोजिनीबाई, आमच्या घराण्यात केलेली सही मागे घेत नाहीत."

"मग काय करतात? या पोरीला दिलेला शब्द गाडतात? पणजोबांनी घोड्यावरून तलवार चालवली, आणि तुम्हाला एक पान उलटवलं नाही! दोन जिलब्यांत नदी दिलीत!"

प्रतापरावांच्या पत्नी शांताबाई पुटपुटल्या, "बाई, जास्तच झालं हं." झालंच होतं. मला त्याहून जास्त बोलायचं होतं.

प्रतापरावांनी पेन उचललं. त्यांना राग आला होता, पण तो बंटीवर नव्हता, माझ्यावर होता. त्यांनी आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली. मग खालच्या नऊ जणांनी एकामागून एक आपापल्या सह्या खोडल्या. एकोणिसावं पान तेव्हाही कोणी उघडून पाहिलं नाही. त्याचा संताप मला आजही येतो.

बंटीने नंतर दुसऱ्या वस्तीत एका ओढ्यावर स्लॅब टाकून इमारत उठवली. आमची दुसऱ्या ठेकेदाराने तन्वीच्या नकाशाप्रमाणे बांधली. वरच्या वस्त्यांची घाण नदीतून अजून वाहते, आमची तिच्यात जात नाही. तन्वी आता त्या वस्त्यांमध्ये नकाशे घेऊन फिरते आणि बहुतेक ठिकाणी अपमान करून घेऊन परतते. प्रतापराव नव्या घरात सात महिने राहिले आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता वारले. शांताबाई संध्याकाळी माझ्याशेजारी काठावर येऊन बसतात. नवऱ्याची बाजू घेतात. मी भांडते.