पुडीतली रेघ

"महाराज, तुमची पुडी घेणाऱ्या सगळ्यांचे गाल सारखेच कसे फुगतात?"

हा प्रश्न भर सभेत विचारायची पैज माझ्या वर्गातल्या सान्वी आणि मितेशने लावलेली, आणि मी, ऋजुता, दहावी ब, विचारून मोकळी झाले. कोपर स्टेशनजवळच्या त्या हॉलमध्ये दर गुरुवारसारखी तीनशे माणसं बसलेली. कुणाचा दमा पळालेला, कुणाची खाज, कुणाची सांधेदुखी. हरिहर महाराज डोळे मिटून हसले.

"पोरी, फुगत नाहीत ते. तेज चढतं. आत देव जेवला की तोंडावर दिसणारच."

हॉलभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने माझे बाबा हसले, कारण तेजस्वी गालांची एक बाई त्यांनीच तिथे आणलेली. त्यांची बहीण, माझी मंजुळाआत्या.

आत्या साड्यांना पिको-फॉल करायची. संधिवाताने गुडघे असे सुजायचे की मशीनचं पायडल मारताना ती ओठ चावायची. डॉक्टरांचं म्हणणं, उतार हळूहळू पडेल, औषध सोडू नका. महाराजांच्या राखाडी पुडीने तिसऱ्या दिवशी सूज उतरली. आत्या तीन मजले चढून आमच्याकडे आली आणि दारातच रडली. खरं सांगते, तेव्हा महाराजांच्या फोटोला मीसुद्धा हात जोडलेले. अट एकच होती, पुडी चालू असेपर्यंत डॉक्टरची पायरी चढायची नाही.

गुडघे बरे झाले म्हणून आत्याने नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं ठरवलं. चौथ्या माळेला देवीच्या रांगेत टाचेत काच घुसली. जखम खोल, पण सूज नाही, लाली नाही, ताप नाही. महाराजांनी तिला स्टेजवर बसवून तो पाय सगळ्यांना दाखवला. काच आत गेली, पण देवाने सूज येऊ दिली नाही, म्हणे. टाळ्याच टाळ्या. मी आत्याच्या मागे लागले, धनुर्वाताचं इंजेक्शन तरी घे.

"अगं, धड दुखतसुद्धा नाही," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवू तरी काय?"

दसऱ्याला ती बरळायला लागली. पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत जंतू रक्तात पसरलेले.

बाहेर बाकड्यावर बसून मी तिच्या पिशवीतल्या पुड्या उघडल्या. एकीत नीट न कुटलेला पांढरा तुकडा निघाला, आणि त्यावर सरळ रेघ. गोळी अर्धी मोडता यावी म्हणून असते ना, तशी. देवाच्या राखेवर रेघ कोण मारतं? मी पुडी तिथल्या डॉक्टर शीला मॅडमच्या हातात दिली, त्यांनी ती तपासायला पाठवली. राखेत कुटलेलं स्टिरॉइड निघालं.

मॅडमनी मला समजावून सांगितलं. जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायनं सोडून इतर पेशींना हाका मारतात. मग फौज धावत येते. सूज, लाली, ताप ही त्याच धावपळीची खूण. संधिवातात ही फौज चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. स्टिरॉइड हे संप्रेरक आहे, तसलंच थोडं आपलं शरीरही बनवतं. पण ते जास्त झालं की पेशीच्या थेट केंद्रकात जाऊन हाका तयार करणारी जनुकंच गप्प करतं.

"म्हणून गुडघे उतरले," मॅडम म्हणाल्या. "आणि म्हणूनच काचेबरोबर जंतू आले तेव्हा आत कुणी ओरडलंच नाही."

गालांचं तेज म्हणजे त्याच औषधाने चेहऱ्यावर साठलेली चरबी. मी विचारलं, म्हणजे हे औषध वाईट का? त्या म्हणाल्या, "नाही गं, आम्हीही देतो. पण मोजून आणि लक्ष ठेवून. हिच्या पोटात रोज किती गेलं, ते देणाऱ्यालाही माहीत नसेल."

आत्या वाचली. पण जंतू पायात वर चढत गेलेले, उजवा पाय मांडीतून कापावा लागला. ज्या गुडघ्यासाठी पुडी आणलेली, तो गुडघाच उरला नाही.

पुढच्या गुरुवारी महाराजांनी हॉलमध्ये सांगितलं की मंजुळेने व्रतात काहीतरी चूक केली असणार. तीनशे माना डोलल्या. म्हणजे बरं झालं तर महाराजांमुळे, पाय गेला तर आत्यामुळे.

घरी आई म्हणाली, दहावीचं वर्ष आहे, तू यात पडू नकोस.

"मीच नेलेलं तिला," बाबा म्हणाले. "चारचौघांत कळेल."

"कळू दे, बाबा. उद्या शाळा सुटली की मी ठाण्याला जाऊन औषध प्रशासनाकडे तक्रार देणार आहे, माझ्या नावाने. आणि गुरुवारी हॉलच्या दारात उभी राहणार. प्रत्येकाला सांगणार की पुडी बरोबर घेऊन आधी डॉक्टरकडे जा. मनाने एकदम बंदही करू नका, शरीर स्वतःचं संप्रेरक बनवायचं विसरलेलं असतं, माणूस कोसळतो. जी वस्तू डॉक्टरला दाखवू नका म्हणतात, ती डॉक्टरलाच पहिली दाखवा. तुम्ही सोबत आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."