नऊ नंबरचा लिव्हर

बाबा गेल्यावर अकरा वर्षांनी मी त्यांच्या सिग्नल केबिनमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेही रंग खरवडायला.

ती लाइन कधीचीच बंद पडली होती. केबिन पाडायची नोटीस लागली तेव्हा एका निवृत्त मास्तरांनी सातआठ हौशी माणसं जमवली, अर्ज-विनंत्या करून ती वाचवली आणि दर रविवारी साफसफाई सुरू केली. त्यांची जाहिरात आमच्या छापखान्यात आली. मी तिथे मुद्रितं तपासते. जाहिरातीतला एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आणि रविवारी जाऊन उभी राहिले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. मी कुणाची मुलगी, हे तिथे कुणाला सांगितलं नाही.

वरच्या मजल्यावर चौदा लिव्हर एका ओळीत उभे होते. सात नंबर ओढला की सिग्नल पडायचा आणि गाडीला वाट मिळायची. नऊ नंबरने रुळांचा सांधा फिरायचा. सात ओढलेला असताना नऊ हलताच कामा नये, म्हणून पायाखालच्या फळ्यांखाली लोखंडी पट्ट्यांचं कुलूप होतं.

मी नववीत असताना बाबांनी सात ओढून मालगाडीला वाट दिली, आणि गाडी येत असताना नऊ फिरला. गाडी बाजूच्या रुळावर घुसली. तिथे डबा दुरुस्त करणारा एक माणूस गेला.

चौकशीत बाबा एकच सांगत राहिले, "मला दहा ओढायचा होता. हात चुकला, कबूल. पण नऊ अडायला हवा होता. अडला नाही."

कुलूप तपासलं, ते चोख निघालं. म्हणजे बाबांनी सात आधीच मागे घेतला असणार आणि आता खोटं बोलतायत, असं ठरलं. नोकरी गेली. पुढे ते एका गोदामात वजनकाट्यावर लागले. एकदा आईने विचारलं, "आता तरी खरं सांगा. सात मागे घेतला होतात ना?" त्यानंतर ते घरात कामापुरतंच बोलले. मी कधी विचारलं नाही. माझंही मत आईसारखंच होतं.

आमच्यात एक फिटरकाका होते, सत्तरी ओलांडलेले, जन्मभर सिग्नलचीच कामं केलेले. एका रविवारी त्यांनी सगळ्या पट्ट्यांना तेल दिलं आणि बघायला स्वतः खाली उतरले.

"सात ओढा," ते खालून ओरडले.

मी जोर लावून ओढला. "ओढला."

"आता नऊ ओढून बघा. हलायचा नाही."

तो हलला. खडखडत शेवटपर्यंत आला.

खालून पट्ट्या ठोकून बघितल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पुन्हा करा. सात अगदी शेवटपर्यंत घ्या."

या वेळी नऊ जागचा हलला नाही.

"मघाशी कसा ओढला होतात?"

"जमेल तेवढा."

तसाच पुन्हा ओढला. नऊ परत सुटला. काका वर आले आणि स्टुलावर बसले.

"पट्टीचं टोक झिजलंय. लिव्हर दोन बोटं कमी आला तरी सिग्नल पडतो, पण कुलूप लागत नाही." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "अपघातानंतरची चाचणी मीच घेतली होती. वीस वेळा ओढला. तरणाताठा होतो, दर वेळी खाडकन शेवटपर्यंत. केबिनमन पन्नाशीचा होता. त्याचा कुठलासा खांदा दुखायचा म्हणे."

"उजवा," मी म्हणाले. "बाबा डाव्या कुशीवर झोपायचे."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते रडायला लागले. दातासाठी सुई दिल्यावर जिभेने गाल चाचपावा, तसं मी आत चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. हातातलं फडकं त्यांना दिलं. ते तेलाने माखलेलं होतं.

तेवढ्यात मास्तर वर आले. "काय हो काका, तोंड काळं करून कुठून आलात?" म्हणाले, आणि आमच्याकडे बघून आल्या पावली जिना उतरले.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हं." थोड्या वेळाने म्हणाली, "शेक घ्या म्हणून किती सांगत होते त्यांना." मग उद्या पडदे धुवायचे का, ते विचारलं.

काकांनी आपली चूक लिहून, सही करून रेल्वेच्या कचेरीत पाठवली. तीन ओळींचं उत्तर आलं: मुदत संपल्याने ती फाइल नष्ट केली आहे.

"पट्टी अशीच ठेवू," मास्तर मला म्हणाले. "शेजारी पाटी लावू. लोकांना कळू दे."

"दुरुस्त करा," मी म्हणाले. "इथे मुलं येऊन ओढणार. नऊ अडायला हवा तिथे अडू दे."

"आणि तुमचे बाबा?"

"पाटी लावा की. तिला कोण नको म्हणतंय?"

काकांनी दोन रविवार बसून नवं टोक घासून बसवलं. मी सात अर्धवट ओढला, नऊ अडला. पूर्ण ओढला, तरी अडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी जिन्याच्या कठड्याला रंग द्यायचा होता. काकांनी वरून सुरुवात केली, मी खालून. ते मधेच थांबून काही बोलू बघायचे.

"हात सांभाळा, ओला आहे," मी म्हणायचे.

संध्याकाळपर्यंत निम्मा कठडा झाला.