गुडघ्यावरचं वचन

सिनेमात: नदीकाठी आईचा नैवेद्य मांडलेला. कावळा शिवत नाही. मुलगा गुडघ्यावर पडतो, आभाळाकडे बघत वचन देतो. बासरी. कावळा उतरतो.

नेसरीत हा सिनेमा प्रत्येकानं फोनवर बघितला आहे.

त्यानंतरच्या एका रक्षाविसर्जनाला गावातला जोतीराम असाच गुडघ्यावर पडला. चुलतीला सांभाळीन म्हणाला. कावळा आला, बायका रडल्या. चुलती सध्या गडहिंग्लजला, भाचीकडे.

आज शालूबाईंचा तिसरा दिवस.

पानावर भाकरी, वांग्याची भाजी, त्यांना आवडायची ती जिलेबी. कावळे बाभळीवर. ऊन चढलं. उभ्या माणसांचे पाय अवघडले.

शालूबाईंची मुलगी अनुजा नवऱ्याचं घर सोडून आलेली. आपल्या लेकीला, मोनाला घेऊन आईजवळ राहायची. घर आता धाकट्या भावाच्या, ऋतुराजच्या हातात. ती राहणार की जाणार, हे अजून कुणी बोललेलं नाही.

"म्हातारीचा जीव अडकलाय," चुलते गणपतराव म्हणाले. "कशात, त्ये सगळ्यास्नी ठावं हाय. बोल की ऋतू."

मागं कुणीतरी फोन वर धरला.

ऋतुराज पुढं झाला. गुडघे टेकले. मान वर केली. जो आवाज निघाला तो त्याचा नव्हता.

"आई, आजपासनं आक्का माझी..."

सिनेमात इथं बहीण पदर तोंडाला लावते.

"ऋतू, थांब," अनुजा म्हणाली. "हितं नको."

"बोलू दे की त्याला," गणपतराव म्हणाले. "कावळा शिवायचा हाय का न्हाय?"

"न्हाय शिवला तर न्हाय, तात्या. हितं सगळीच बोलत्यात. त्येला घरात बोलू दे."

"काय पोरगी म्हणायची," धोंडुबाई शेजारणीला म्हणाली. "आईला उपाशी ठेवाय लागलीया."

ऋतुराज गुडघ्यावरच राहिला. उठायचं कसं, ते सिनेमात दाखवलेलं नव्हतं.

कावळा आला नाही. नैवेद्य गाईला दिला.

घरी.

भावकी पांगली. ऋतुराज बाहेरच्या सोप्यात बसला. आत त्याची बायको भांडी घासत होती. अनुजा समोर येऊन बसली तसा भांड्यांचा आवाज थांबला.

"आता बोल."

"आईची शप्पथ आक्का, आजपासनं..." तो अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. बघायला कुणी नव्हतं. आतून फक्त नळाचं पाणी ऐकू येत होतं.

त्यानं घसा साफ केला.

"मोनाची शाळा कवा संपती?"

"एप्रिलात."

"तवर ऱ्हावा."

"आणि मग?"

"मग बघू की."

हा आवाज त्याचा होता. लहानपणापासून तिच्या ओळखीचा, काही कबूल करताना बारीक होणारा. नदीवर याहून पुष्कळ मिळालं असतं.

अनुजानं मान हलवली. मोनाला जेवायला हाक मारली.