एडविज वांबाची तोंडी परीक्षा

“रड,” सेर्ज फोत्सोने सांगून टाकलं. “आत गेलीस की थोडं नीट बोल, मग रड. व्हिसाचं सांग. आई आजारी आहे म्हण. समोर कुणी रडायला लागलं की या जर्मन लोकांना काही सुचत नाही. पास करून मोकळे होतात.”

“आई ठणठणीत आहे,” एडविज म्हणाली. “बाफुसामच्या बाजारात अजून रोज कुणाशी तरी भांडते.”

“मग भावाला आजारी पाड.”

सेर्ज म्हणजे त्या जर्मन गावातल्या सगळ्या कॅमेरूनी पोरांचा दादा. तो कितव्या वर्षाला आहे हे त्याला कुणी विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. रविवारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तो सगळ्यांना तळलेली केळी आणि घेवडा खाऊ घालायचा आणि वर सल्ले फुकट वाटायचा. एडविजने केळी खाल्ली. सल्ला तिच्या घशाखाली उतरेना.

तसं पाहिलं तर रडायला कारण भरपूर होतं. मेकॅनिक्सच्या लेखी परीक्षेत ती तिन्ही वेळा आपटली होती. पहिल्यांदा प्रश्नांचं जर्मनच कळलं नाही, दुसऱ्यांदा पार्सलच्या गोदामातल्या कामाने जीव खाल्ला, आणि तिसऱ्यांदा थोडक्यात गेली. चौथी संधी नसते. उरते ती एक तोंडी परीक्षा. त्यात नापास झालं की हा विषय अख्ख्या जर्मनीत कुठेच शिकता येत नाही, आणि शिक्षण गेलं की व्हिसाही जातो. कॅमेरूनला, बाफुसामला परत जायचं आणि “पोरीला झेपलं नाही” हे आयुष्यभर ऐकायचं, एवढाच दुसरा रस्ता होता.

प्रोफेसर ओल्डेनडॉर्फच्या खोलीत एक फळा होता, एक टेबल होतं आणि कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसलेली एक सहायक बाई होती. प्रोफेसर केस पिकलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. एडविज बसली आणि तिने नजर खाली घातली. तिने मुद्दाम घातली नाही, ती आपोआप गेली. मोठ्या माणसाच्या, त्यातून गुरुजींच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं म्हणजे तिच्या घरी शुद्ध उर्मटपणा. आईने त्यासाठी लहानपणी पाठीत धपाटे घातले होते.

“फ्राऊ वांबा, बल म्हणजे काय?” प्रोफेसरने विचारलं.

तिने टेबलाच्या कडेकडे बघत उत्तर दिलं. बरोबर दिलं. पण प्रोफेसरचा आवाज एकदम मऊ झाला.

“घाबरू नका. हा कप बघा. टेबलावर ठेवलाय. टेबल त्याला कुठल्या दिशेने ढकलतं?”

“वर.”

“छान! अगदी छान!”

छान? एडविजच्या कानशिलांत रक्त चढलं. हा प्रश्न तिच्या गावात शाळेतल्या पोराला विचारला तर पोरगं हसेल. तिने चोरून वर पाहिलं. प्रोफेसर सहायक बाईकडे बघत होता, आणि त्या बघण्याचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच होता: बिचारी, हिला काही येत नाही, नजर वर करायचीही हिंमत नाही, जाऊ दे, सोडून देऊ. आपण मान राखतोय आणि समोरचा त्याला अडाणीपणा समजतोय, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिला भयंकर राग आला. त्याचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

आणखी असाच एखादा प्रश्न, की सुटली असती. गप्प बसायचं होतं फक्त.

एडविजने मान वर केली आणि थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. नजर हलवली नाही.

“हेर प्रोफेसर, इथल्या मुलांना या परीक्षेत तुम्ही काय विचारता?”

“म्हणजे?”

“कप विचारत नसणार. मलाही तेच विचारा.”

सहायक बाईचं पेन थांबलं. प्रोफेसरच्या भुवया वर गेल्या.

“मग चुकलात तर मला काही करता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

तो उठला आणि त्याने फळ्यावर एक क्रेन काढली. आडवा बाहू, खांबाला खिळीने जोडलेला. मध्येच वरून ओढून धरणारा दोर. टोकाला लटकणारं वजन. “बाहू आधी कुठे मोडेल? सिद्ध करून दाखवा.”

एडविजने खडू घेतला. बाहू सुटा करून काढला, बाण दाखवले, गणित मांडलं. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की बाहूचं स्वतःचं वजन धरायचंच राहिलंय. “थांबा, हे चुकलं,” म्हणत तिने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अक्षरं वाकडी येत होती. येऊ देत.

“इथे,” ती शेवटी म्हणाली. “दोर बांधलाय तिथे.”

“नक्की? बहुतेक जण खांबापाशी म्हणतात.”

एरवी गुरुजींनी “नक्की?” विचारलं की तिने मुकाट्याने पुसलं असतं. आता ती फळ्याला पाठ लावून उभी राहिली.

“नक्की. खांबापाशी खिळी आहे, तिथे बाहू फिरतो, वाकत नाही. चूक असेल तर कुठे ती दाखवा.”

प्रोफेसरने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वाचला. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं.

बोलावलं तेव्हा तो उभाच होता. “पास. फोर पॉइंट झिरो, म्हणजे काठावर पास. तोंडी परीक्षेत याच्या वर मला देता येत नाही, नियम आहे. दिलं असतं.” मग म्हणाला, “खरं सांगू? तुम्ही ते डेअरिंग केलं नसतं तरी मी पास करणारच होतो. उगाच जीव धोक्यात घातलात.”

“माहीत होतं मला,” एडविज म्हणाली. “पण मग ते पास होणं तुमचं झालं असतं. मेकॅनिक्सचा पुढचा भाग तुम्हीच शिकवता ना?”

“हो. पण तो कठीण आहे. तुमच्यासारखे विद्यार्थी सहसा एक सत्र थांबतात.”

“मी थांबणार नाही.”

तिने हात पुढे केला. बाफुसामला आधी मोठ्यांनी हात पुढे करायचा असतो, आणि लहानांनी तोवर वाट बघायची असते. तिने वाट बघितली नाही.